डोंगरावर ठेवून आलेले

"डोंगर चढेन, देवळाच्या दारापर्यंत येईन, पण आत पाऊल टाकणार नाही," असे माझ्या मैत्रिणीने निघण्याच्या आदल्या रात्री फोनवर स्पष्ट सांगितले आणि शेजारी बसून ओटीचे सामान बांधणाऱ्या माझ्या आत्याने ते सगळे ऐकले. आता आत्या काही तरी बोलणार, असे मला वाटले. तिने फक्त खणाची घडी पुन्हा एकदा नीट केली आणि म्हणाली, "येऊ दे की. डोंगर काय देवळापुरता हाय व्हय?"

आमची ही सहल जेमतेम तीन दिवसांची होती. आत्याचे वय ७४, गुडघे गेलेले. सौंदत्तीच्या यल्लम्माची ओटी सहा वर्षे राहून गेली होती आणि ती राहिलेली ओटी तिला घरात वावरताना रोज आठवत असे. माझी मैत्रीण निपाणीकडची, हायस्कुलात इतिहास शिकवते. ऐहोळेच्या डोंगरावरचे बौद्ध मंदिर तिने वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले होते, पण डोळ्यांनी पाहिले नव्हते. मला मुंडगोडचे तिबेटी मठ पाहायचे होते. माघी पौर्णिमा, जिला कानडी मुलखात भारत हुण्णिमे म्हणतात, होऊन चार दिवस झाले होते आणि डोंगरावरची गर्दी ओसरली असेल असा आमचा अंदाज होता. गाडी माझा भाचा चालवणार होता.

मैत्रिणीच्या त्या अटीमागे काय होते ते मला माहीत होते, आत्याला नव्हते. तिच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीला, जिला घरात सगळे थोरली आजी म्हणत, सातव्या वर्षी यल्लम्माच्या नावाने माळ घालून सोडले होते. जटा आली म्हणून सोडले, असे सांगत. खरे कारण घरातला दुष्काळ होता की नवस, हे आता सांगणारे कोणी उरलेले नाही. मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्धचा कायदा १९३४ साली झाला होता आणि थोरल्या आजीला माळ घातली ती त्यानंतर. कायदा चिकोडी तालुक्यातल्या त्या गावापर्यंत चालत आलाच नाही. पुढे १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली, तिची लाट आमच्या सीमाभागातल्या वस्त्यांपर्यंत पोहोचली आणि त्या घरानेही दीक्षा घेतली. निपाणीला १९२५ साली बहिष्कृत वर्गाच्या परिषदेसाठी बाबासाहेब स्वतः आले होते, त्यामुळे ते नाव तिथल्या माणसांना लांबचे नव्हते. घरातले देव विसर्जित झाले. थोरल्या आजीचा जग मात्र, म्हणजे डोक्यावर वाहायच्या टोपलीतला देवीचा तो पितळी मुखवटा, कोणी हात लावून काढायला तयार होईना. तेव्हा थोरली आजी स्वतःच उठली, भावाला बरोबर घेतले, जग डोक्यावर घेऊन सौंदत्तीला गेली, डोंगराच्या एका पायरीवर तो ठेवला आणि मागे न बघता उतरली. चौंडके, म्हणजे तिचे एकतारी वाद्य, मात्र तिने तिथे ठेवले नाही. ते तिच्याबरोबर परत आले आणि पुढे पंचवीस-तीस वर्षे ती त्यावर भीमगीते म्हणत असे. माझ्या मैत्रिणीने तो आवाज लहानपणी ऐकलेला आहे.

आम्ही बैलहोंगलवरून गेलो. ज्वारी काढणीला आली होती, शाळूची कणसे रस्त्यापर्यंत झुकली होती, आणि आत्या प्रत्येक शिवाराला नाव असल्यासारखी बाहेर बघत होती. तिचे माहेर खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठावर. ही नदी कणकुंबीला उगम पावते, जिथे माउलीचे देऊळ आहे आणि माणसे मराठी बोलतात. तिथून ती खानापूर ओलांडून पूर्वेला वळते आणि वाटेत कधीतरी तिच्या काठावरची भाषा बदलते, पण नेमकी कुठल्या गावाजवळ ते कोणालाच दाखवता येणार नाही. सौंदत्तीजवळ नवीलुतीर्थाला तिच्यावर धरण आहे. नवीलु म्हणजे मोर. त्या विस्तीर्ण पाण्याकडे बघून आत्या म्हणाली, "हे आमच्याच वड्याचं पाणी." आणि ते खरेच होते.

सौंदत्तीचे जुने नाव सुगंधवर्ती. रट्ट राजांची राजधानी आधी इथे होती, मग त्यांनी ती वेणुग्रामला, म्हणजे आपल्या बेळगावला हलवली. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी (बसदी म्हणजे जैन मंदिर), जी १२०४ साली चौथ्या कार्तवीर्याच्या काळात बांधली गेली, ती याच राजघराण्याच्या आश्रयातली. शहरात राहून किल्ल्यात शंभरदा जाणाऱ्या माझ्यासारखीला हा धागा इतक्या उशिरा समजावा, याचे मला वाईट वाटले.

डोंगराखाली जोगळभावीच्या तीर्थावर आत्याने पाय धुतले. अंघोळीची गर्दी अजून होती. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या गाड्या, त्यांच्या टपावर बांधलेल्या सरपणाच्या मोळ्या, रस्त्याकडेला तीन दगडांच्या चुली, त्यांवर परडी भरण्यासाठी शिजणारे कडबू, आणि या सगळ्यावर पडलेला भंडाऱ्याचा पिवळा थर. "उदं गं आई उदं" आणि "उधो उधो" या दोन आरोळ्या एकमेकींत अशा मिसळत होत्या की कुठली मराठी आणि कुठली कानडी हे ओठांकडे बघून ओळखावे लागत होते. आमच्याकडे दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांवरून माणसे रस्त्यावर उतरतात. त्या डोंगरावर ते भांडण मी एकदाही ऐकले नाही. देवी कोणाची, असा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही; रांगेत पुढे कोण, एवढाच विचारतात.

आत्याबरोबर मी रांगेत उभी राहिले. मैत्रीण खाली पायऱ्यांशी थांबली. दर्शन व्हायला दीड तास लागला आणि त्या दीड तासात माझे अर्धे लक्ष मागेच होते. ओटी भरताना आत्याचे हात थरथरत होते. तिने काही मागितले नाही, हे मला नीट ऐकू आले; ती फक्त "आले गं बाई, आले" एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होती. सहा वर्षांचा उशीर तिने त्या दोन शब्दांत मांडला. मला त्या गाभाऱ्यात जे वाटले ते भक्तीच होते, दुसऱ्या शब्दाने ते सांगता येणार नाही. आणि त्याच वेळी, याच उंबऱ्यावर सात वर्षांच्या मुलींच्या गळ्यात माळा पडल्या, हेही मला विसरता येत नव्हते. कर्नाटकाला १९८२ साली पुन्हा स्वतंत्र कायदा करावा लागला, तो उगीच नाही. दोन्ही गोष्टी एकाच डोंगरावरच्या आहेत. एक खरी मानण्यासाठी दुसरी खोटी म्हणणे मला आता जमत नाही, आणि जे लोक ते सहज करतात, मग ते कुठल्याही बाजूचे असोत, त्यांनी ती माणसे जवळून पाहिलेली नाहीत असे मला वाटते.

परत आलो तेव्हा मैत्रीण एका पायरीवर हात टेकून बसली होती. कुठली पायरी ते कळण्याचा काही मार्ग नाही, असे ती म्हणाली. बहुतेक सगळ्या नंतर बदललेल्या असणार. मग तिने आत्याला थोरल्या आजीची सगळी गोष्ट सांगितली. मी मध्ये बोलले नाही. आत्या बराच वेळ गप्प होती. तिने देवीची बाजू घेतली नाही आणि नवऱ्यामुलांत जन्म काढलेल्या बाया ज्या सुरात अशा गोष्टींवर हळहळतात, तशी हळहळलीही नाही. तिने फक्त विचारले, "खाली ठेवल्यावर डोकं हलकं झालं असंल न्हवं तिचं?" मैत्रीण म्हणाली, "तेच ती सांगायची, आत्या. मान कितीतरी दिवस अवघडल्यासारखी वाटायची, म्हणे. ओझ्याची सवय."

त्या रात्री बदामीला मुक्काम केला. बदामीच्या लेण्यांबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी वेगळे काही सांगावे असे नाही. सकाळी लवकर ऐहोळेकडे निघालो आणि वाटेत पुन्हा मलप्रभा भेटली.

ऐहोळेची कथा आत्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होती. जमदग्नीच्या आज्ञेवरून परशुरामाने आपल्या आईचे, रेणुकेचे, शिर उडवले, आणि पुढे क्षत्रियांचा संहार करून त्याने रक्ताची कुऱ्हाड मलप्रभेत धुतली, तेव्हा पाणी लाल झालेले बघून घाटावरची बाई कळवळून "अय्यो होळे" अशी ओरडली, त्यावरून गावाला हे नाव पडले, असे तिथले लोक सांगतात. होळे म्हणजे नदी. म्हणजे आदल्या दिवशी ज्या रेणुकेची ओटी भरली तिच्याच कथेचा पुढचा भाग आम्ही नदीच्या काठाने उतरत आलो होतो. इतिहासाला अशा व्युत्पत्ती मान्य नसतात हे मैत्रिणीने सांगितले, पण सांगताना तिने नदीकडेच बघितले.

गावातल्या देवळांना वळसा घालून आम्ही मेगुटीच्या टेकडीला लागलो. मेगुटी म्हणजे मेल गुडी, वरचे देऊळ. टेकडी फार उंच नाही, पायऱ्याही बऱ्या आहेत, तरी आत्या दर दहा-बारा पायऱ्यांनंतर थांबत होती. माथ्याच्या थोडे खाली, उतारावर, ते बौद्ध मंदिर आहे. दोन मजली, पुढचा भाग दगड रचून बांधलेला आणि मागचा खडकातच कोरून काढलेला, त्यामुळे टेकडीने आपल्या अंगाला एक ओसरी काढून दिल्यासारखे ते दिसते. समोर चौकोनी खांब. वरच्या ओसरीच्या छतावर बुद्ध कोरलेला आहे, म्हणजे त्याला बघायचे तर मान मागे टाकून, आकाश बघतात तसे बघावे लागते. आतल्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर बारीक कोरीव काम आहे. आणि तिथेच एक बुद्धमूर्ती आहे, जिला शिर नाही.

मैत्रिणीने पायातल्या चपला खालीच काढल्या होत्या. ती त्या मूर्तीसमोर उभी राहिली आणि तिने बराच वेळ काहीच केले नाही. इतकी वर्षे वर्गात शिकवलेली गोष्ट समोर आल्यावर माणूस आनंदेल असे मला वाटत होते. तिच्या तोंडावर दुसरेच काही होते. दिवा नव्हता. फूल नव्हते. उदबत्तीच्या काडीची राखसुद्धा नव्हती. पुरातत्त्व खात्याने जागा स्वच्छ ठेवली आहे, पण स्वच्छ ठेवणे आणि सांभाळणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे मला तिथे कळले. सौंदत्तीला इतकी माणसे की पायरी दिसत नाही, आणि इथे पायरी न् पायरी दिसते.

"ह्याचं शिर कुणी नेलं?" आत्याने विचारले. ते सांगता येत नाही, असे मैत्रीण म्हणाली. आत्याने थोडा विचार केला. "आमच्या रेणुकेचं बी उडवलंच होतं की," ती म्हणाली. "तिचं निदान परत बसवलं तरी." आणि मग ती एकदम थांबली, कारण तिला बहुतेक तेच सुचले जे मला आणि मैत्रिणीला त्याच क्षणी सुचले होते: थोरल्या आजीच्या डोक्यावर वर्षानुवर्षे होते ते देवीचे नुसते मुखच होते. कोणाचे शिर दुसऱ्याच कोणाच्या शिरावर, आणि इथे धड एकटेच बसलेले.

आत्याच्या पिशवीत यल्लम्माच्या पायाशी ठेवून मागे मिळालेली शेवंतीची फुले होती. तिने ती काढली, हळदीकुंकवाची पुडीही काढली आणि मैत्रिणीकडे बघितले. न विचारता पुढे जाणे तिला बरोबर वाटले नाही, हे मला फार आवडले. मैत्रीण म्हणाली, "फुलं ठेवा आत्या. भंडारा नको." आत्याने पुडी परत पिशवीत घातली आणि फुले मैत्रिणीच्या ओंजळीत दिली. मैत्रिणीने ती उंबऱ्याच्या बाहेर, दगडावर ठेवली, आणि खालच्या आवाजात त्रिशरण म्हटले. त्या खोलीत पाली शब्द किती शतकांनी उच्चारले गेले असतील याचा हिशेब मी मनात करायला लागले होते, तो मध्येच सोडून दिला, कारण तिच्यासारखे कितीतरी जण इथवर येऊन हेच करून गेले असतील आणि त्याची नोंद कुठल्याही दगडावर नसेल.

माथ्यावर मेगुटीचे जैन मंदिर आहे आणि त्याच्या भिंतीवर रविकीर्तीचा लेख, शके ५५६, म्हणजे इ. स. ६३४ चा. भाषा संस्कृत, लिपी जुनी कानडी, विषय दुसऱ्या पुलकेशीचा पराक्रम. रविकीर्तीने स्वतःची तुलना कालिदास आणि भारवीशी केली आहे, त्यामुळे ते दोघे या सालाच्या आधीचे, हे ठरवायला हा लेख कामाला येतो. पण सीमाभागातून आलेल्या आमच्यासारख्यांनी त्यात वाचावी ती ओळ वेगळीच: पुलकेशी ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपती झाला. आपल्या प्रदेशाचे नाव इतक्या जुन्या काळात कोरलेले सापडते ते कानडी अक्षरांत, जैन कवीच्या हातचे, बौद्ध मंदिराच्या डोक्यावरच्या भिंतीत. त्यानंतर काही वर्षांतच ह्युएन त्सांग या राजाच्या देशात आला आणि त्याने इथे शंभरावर संघाराम आणि सुमारे ५,००० भिक्षू असल्याचे लिहून ठेवले. मैत्रिणीने तो सगळा मजकूर आत्याला गोष्ट सांगावी तसा सांगितला. आत्याने विचारले, "मग ते पाच हजार गेले कुठं?"

या प्रश्नाचे एक छोटेसे उत्तर डंबळला आहे. गदगच्या पलीकडे, मुंडर्गी तालुक्यात हे गाव येते. आज तिथे लोक दोड्डबसप्पाचे देऊळ बघायला जातात, आणि जावे असेच ते आहे: तळविन्यास चोवीस कोनांचा तारा, भिंत एकही सरळ नाही, ऊन फिरेल तशी सावली एका कोनातून दुसऱ्या कोनात सरकत राहते. पण आम्ही गेलो ते इ. स. १०९५ च्या एका लेखासाठी. चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात, धर्मवोळल नावाच्या या व्यापारी गावात सोळा शेट्टींनी बुद्धाचा विहार बांधला होता आणि त्याला, तसेच आर्या तारादेवीच्या विहाराला, पूजेसाठी आणि भिक्षूंच्या अन्नवस्त्रासाठी दान दिले गेले. लेखाची सुरुवातच बुद्धाला नमन करून होते. म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीस, आमच्यापासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर, दिवा चालू होता, आणि त्याच्या तेलाची तजवीज व्यापाऱ्यांनी आपल्या मालातून केली होती. विहार शोधत आम्ही गावात हिंडलो. चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्याने तळे दाखवले, विहीर दाखवली, देऊळ पुन्हा दाखवले. विहार आम्हाला सापडला नाही. संध्याकाळ झाली होती, आत्या थकली होती, आम्ही गदगला मुक्कामाला परतलो.

तिसऱ्या दिवशी हुबळीवरून मुंडगोड. हुबळी सोडली की जमीन हिरवी व्हायला लागते, साग दिसू लागतो, आणि मग एका वळणानंतर अचानक रंगीत पताका. भाच्याने गाडी हळू केली.

इथली वसाहत १९६६ सालची. याच साली आमच्या सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला होता. हे दोन निर्णय एका वर्षातले आहेत हे लक्षात आल्यापासून मला त्यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही. कुठले गाव कोणाच्या राज्यात, यावर एकीकडे कागदांचे गठ्ठे चढत होते, आणि दुसरीकडे त्याच तत्कालीन मैसूर राज्याने, ज्याचा कारभार निजलिंगप्पा पाहत होते, ज्यांना राज्यच उरले नव्हते अशा माणसांना जंगलातली जमीन दिली होती. आमच्या तक्रारी खऱ्या आहेत, त्या मी मागे घेत नाही. पण त्याच सरकारचा हा हातही मी बघितलेला आहे, हे लिहून ठेवले पाहिजे.

गांदेन मठ ल्हासाजवळ १४०९ साली त्सोंगखापाने स्थापला, द्रेपुंग १४१६ साली त्याच्या शिष्याने. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा तिबेट सोडून निघाले, त्यांच्या मागोमाग हजारो माणसे हिमालय उतरून आली, आणि त्यांतल्या भिक्षूंपैकी पुष्कळ जण बंगालमधल्या बक्सा इथल्या जुन्या तुरुंगाच्या छावणीत राहिले. दमट हवेत आजाराने कित्येक जण गेले. जे उरले त्यांनी तिथेही पाठ सोडला नाही. १९६९ च्या सुमारास त्यांतले काही इथे आले, त्यांनी झाडे तोडली, मका लावला आणि त्याच नावांचे मठ पुन्हा उभे केले. ऐहोळेला दगड उरला होता आणि पाठ गेला होता. इथे आणले गेले ते फक्त पाठ आणि थोड्या पोथ्या. दगड नंतर मिळाला.

अंगणात वादसभा चालली होती. तांबड्या वस्त्रांतले तरुण भिक्षू जोडीजोडीने. एक खाली बसलेला, दुसरा उभा. उभा असलेला प्रश्न टाकतो, पाय आपटतो आणि दोन्ही हातांची टाळी अशी वाजवतो की प्रश्न त्या टाळीत सापडलाच पाहिजे. शेकडो टाळ्या एकाच वेळी. "भांडत्यात व्हय हे?" आत्याने घाबरून विचारले. "अभ्यास करत्यात, आत्या," मैत्रीण म्हणाली. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आले. वीस वर्षे असा अभ्यास केल्यावर गेशे ही पदवी मिळते. नालंदेत, विक्रमशीलेत शिकवले जाई ते तर्कशास्त्र आपल्याकडे ज्यांनी मागे टाकले त्यांच्याच मुलखात, भात आणि मक्याच्या शेतांमध्ये, रोज संध्याकाळी टाळ्या देऊन पुन्हा विचारले जाते. मैत्रीण तासभर तिथून हलली नाही. ओसाड गाभाऱ्यासमोर जे तिच्या तोंडावर आले होते ते इथे हळूहळू उतरत गेले.

आत लोण्याचे दिवे होते आणि भिंतींवर देवदेवतांची चित्रे. हिरव्या देवीच्या चित्रासमोर आम्ही थांबलो तेव्हा एका तरुण भिक्षूने हिंदीत सांगितले, "ये डोल्मा है. आप लोग तारा बोलते हैं." डंबळची हरवलेली आर्या तारा अशी अचानक भेटली. विक्रमशीलेचा आचार्य अतिश १०४२ साली तिबेटात गेला आणि ताराभक्ती तिथे पसरवण्यात त्याचा मोठा हात होता. म्हणजे धर्मवोळलचे शेट्टी तिच्या विहारासाठी दान लिहीत होते, त्याच्या अवघे अर्धे शतक आधी ती हिमालय ओलांडून गेली होती. डंबळला ती गेली. तिकडे ती राहिली, आणि नऊशे वर्षांनी डंबळपासून शंभरेक किलोमीटरवर, मुलींच्या नावांत, मंत्रात, या भिंतीवर परत आली.

बाहेर मंदिराभोवती एक म्हातारी हातातले चक्र फिरवत चालत होती. आत्याने तिला बघताच सांगितले, "ही स्वेटरवाली." आमच्याकडे दिवाळी झाली की तिबेटी लोक स्वेटर घेऊन येतात, संक्रांतीनंतर जातात, माझे कॉलेजातले सगळे स्वेटर त्यांच्याकडचे. म्हातारी खरेच कित्येक हिवाळे बेळगावला आलेली निघाली. तिचे हिंदी, तिची बाजारात शिकलेली कानडी, आत्याची मराठी, असे ते बोलणे चालले. लोसर, म्हणजे त्यांचे नवे वर्ष, तीन आठवड्यांपूर्वीच झाले होते आणि सगळी मुले घरी आली होती, हे ती आनंदाने सांगत होती. तिबेटातून आली तेव्हा ती आईच्या पाठीवर होती. आत्याने विचारले, "तुमचा देवाचा डोंगर कुठला?" तिने कांग रिंपोछे असे काही नाव सांगितले. मैत्रिणीने समजावले की हा कैलास. त्यावर कोणी चढत नाही, म्हातारी म्हणाली, भोवतीने चालतात. बावन्न किलोमीटर. तिने तो पाहिलेला नाही, तिच्या आईने पाहिला होता.

"न्हाई चढत?" आत्याला ते पटेना. जन्मभर तिने डोंगर चढूनच देव गाठला होता. "मग वर कोण ऱ्हातं?"

"वर देव. आम्ही खाली," म्हातारी म्हणाली आणि चालू लागली. आत्या तिच्याबरोबर चालू लागली. गुडघे दुखत होते, तरी सपाट जमिनीवर तिला जमत होते. उजव्या हाताला मंदिर ठेवून, आपल्याकडच्या प्रदक्षिणेसारखेच. मी पाच फेऱ्या मोजल्या. नंतर मैत्रीण त्यांच्यात मिसळली आणि मी मोजणे सोडले.

परतताना धारवाडच्या पुढे अंधार पडला. कित्तूर मागे गेले. आत्या झोपली आहे असे आम्हाला वाटत होते, पण ती डोळे मिटून यल्लम्माचे एक जुने गाणे गुणगुणत होती, जे बाया मार्गशीर्षात परडी फिरवताना म्हणतात. मैत्रीण पुढच्या सीटवर होती. थोड्या वेळाने तिचा उजवा हात मांडीवर, नखाने, हळूहळू ताल धरायला लागला. तो चौंडक्याचा ठेका होता, तंतोतंत, मधल्या अर्ध्या मात्रेच्या उडीसकट. आत्याने डोळे न उघडता आवाज जरा वाढवला. भाच्याने गाडीतला रेडिओ बंद केला.